बत्तीस बोअर आणि तांदळाची कोठी

माझा जीव घ्यावा असं जगात कुणालाही वाटत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका सरकारी कचेरीत कळलं.

पिस्तुलाच्या परवान्यासाठी मुलाखत होती. समोरचे साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "धोका नेमका कुणापासून आहे?" मी प्रामाणिकपणे विचार करू लागलो. भाडेकरू वेळेवर भाडं देतात. भावकीतली भांडणं वडिलांनी जातानाच मिटवून टाकली. बायको माझ्यावर वैतागते, पण तेवढ्यावर कुणी खून करत नाही. माझ्या जिवाला खरा धोका होता तो रक्तातल्या साखरेपासून. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण साखरेवर पिस्तूल चालत नाही.

"अज्ञात इसमांपासून," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या नजरेत एवढी दया होती की मी खुर्चीतच चुळबुळलो.

पिस्तूल का हवं होतं, ते सांगतो. आमच्या गावची शेतं आता हायवेच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं झाली आहेत. मुंबईकर घरी बसून मागवतात ते मिक्सर, चपला, लहान मुलांच्या सायकली आमच्या वडिलांच्या भातखाचरातून निघतात. वडील गुडघाभर चिखलात उभं राहून लावणी करायचे. आई मिठागरावर जायची. मी खुर्चीत बसून भाडं घेतो. हे बरोबर नाही असं मला रोज वाटतं आणि रोज मी ते भाडं घेतो. ज्याच्या हातांना काही कामच उरलेलं नाही, त्याला हातात धरायला काहीतरी हवं असतं, असं मी मनाशी म्हणायचो. खरं कारण याहून हलकं होतं. आमच्याकडे हळदीच्या मांडवात गोदामवाले लोक मध्येच उभे राहतात आणि पँट वर ओढतात. शर्ट उचलला जातो, कमरेची मूठ दिसते, मग सावकाश शर्ट खाली येतो. मीही पँट वर ओढायचो. पण शर्टाखाली नुसतं पोट असायचं.

गावच्या नाक्यावर माझ्या अर्जाची बातमी पोचली तेव्हा माझा शाळूसोबती, तोही गोदामवालाच, चहा पिता पिता म्हणाला, "तुला कोन मारनार रं? तुला मारून मिलनार काय?"

"अज्ञात इसम," मी म्हणालो.

"त्यो अज्ञातच राहू दे बिचारा. वलख झाली तर कंटालून परत जाईल."

तरीही परवाना मिळाला. साहेबांना माझी दया आली असावी असा माझा अंदाज आहे.

नवीन पिस्तूल घ्यायचं नाही हे मी ठरवलं होतं. कारखान्यातून आलेलं कोरं पिस्तूल माझ्या कमरेला म्हणजे उसनं आणल्यासारखं दिसलं असतं. मला इतिहास असलेलं हवं होतं, कारण माझा स्वतःचा काही नव्हता. ओळखीतून कळलं की अकलोलीला एक निवृत्त मेजर राहतात. लष्करानं जुनी झालेली शस्त्रं मोडीत काढली तेव्हा त्यांनी डेपोतून एक पिस्तूल विकत घेतलं होतं, बत्तीस बोअरचं, परदेशी बनावटीचं. आता हात कापतात म्हणून ते विकणार होते.

मी गेलो तेव्हा मेजर घरी नव्हते, गरम पाण्याच्या कुंडावर होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडून बसले होते. मला म्हणाले, "शेठ, तुम्हीही बसा. गुडघे दुखत असणार तुमचे." दुखत होतेच. मी बसलो. अर्धी मुलाखत आम्ही दोघांनी पाय उकडत घेतली.

"हे कुठल्या युद्धातलं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे कुणीतरी रणांगणावर..."

"शेठ, हे कुठल्यातरी कारकुनाच्या खणात तीस वर्षं पडलेलं असणार. तुम्हाला गोष्ट हवी असेल तर मी एक सांगतो, पण ती खोटी असेल."

मी म्हटलं, खोटी नको. आज वाटतं की घ्यायला हवी होती. नाक्यावर उपयोगी पडली असती.

मग त्यांच्या घरी गेल्यावर त्यांनी जुन्या चामड्याच्या कव्हरातून ते काढलं. माझ्या कल्पनेपेक्षा लहान होतं आणि कल्पनेपेक्षा जड. अंगावरचा काळा रंग कडांना झिजून पांढरा पडला होता. मेजरांनी ते लगेच माझ्या हातात दिलं नाही. आधी मला एक गोष्ट पाठ करायला लावली. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढायचं. मग वरचा भाग, स्लाइड, मागे ओढायची. आत डोळ्यांनी बघायचं. मग करंगळी घालून बघायचं. प्रत्येक वेळी, अगदी क्षणापूर्वी बघितलेलं असलं तरी.

"मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजणारे दोन प्रकारचे लोक असतात," ते म्हणाले. "एक नवशिके. दुसरे तुम्हाला भेटणार नाहीत."

मी हसलो आणि सगळं पाठ म्हणून दाखवलं. पाठांतर मला शाळेपासून जमतं.

दोघांच्या परवान्यांवर नोंदी होऊन पिस्तूल माझ्या नावावर यायला बराच काळ गेला. आलं त्याच्या पुढच्या रविवारी मी ठाण्याच्या बाजूला एका शूटिंग रेंजवर गेलो. तिथले सगळे नेमबाज माझ्या मुलीच्या वयाचे. माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक कॉलेजातली मुलगी होती, कानांवर झाकणं, एक हात खिशात, एकदम निवांत. मी दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं, श्वास रोखला आणि डोळे मिटले. डोळे मिटायचे नसतात हे मला माहीत होतं, पण ते आपोआप मिटले.

आवाज झाला आणि त्याचबरोबर हाताला कुणीतरी चावलं. स्लाइड मागे येताना माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी घेऊन गेली होती. पिस्तूल लहान आणि माझा हात गुबगुबीत, त्यामुळे तसं होणारच होतं, असं प्रशिक्षकानं नंतर समजावलं. उरलेल्या गोळ्या मी रक्ताळलेल्या हातानं झाडल्या. समोरचा कागद जवळ आणला तेव्हा त्यावर एकही भोक नव्हतं.

शेजारची मुलगी आपला कागद हातात घेऊन उभी होती. "काका, माझ्या कागदावर एक भोक जास्त आहे."

मी माफी मागितली.

"नाही, नाही, मधोमध लागलंय," ती म्हणाली. "पण मला ते माझ्या गुणांत धरता येणार नाही ना."

मधलं भोक माझं होतं असं मला आजही वाटतं. सिद्ध करता येत नाही.

अंगठ्याला पट्टी बांधून मी नाक्यावर गेलो आणि चहाचा कप मुद्दाम त्याच हातानं धरला. सोबत्यानं पट्टीकडे बघितलं. "गोली लागली?" म्हणाला. "न्हाय, पिस्तूल चावलं," मी खरं ते सांगितलं. खोटं बोलता न येणं हा माझा मोठा दोष आहे. त्यानं माझं फार नुकसान केलं आहे, आणि लवकरच त्याहून मोठं करणार होता.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. वडिलांचा विळा, कोयता, आईनं मिठागरावर वापरलेलं लाकडी फावडं, गाडीच्या किल्ल्या. मी मधोमध पिस्तूल ठेवलं, अर्थातच रिकामं. आई ऐंशीच्या घरात आहे. तिनं हळद-कुंकवाची कोयरी हातात घेतली आणि थांबली.

"भरलेला हाय ना?"

"न्हाय गं. रिकामं आहे."

"मंग पूजा कशी करू?" आईनं कोयरी खाली ठेवली. "रिकामं पुजायचं न्हाय. रिकामी ओटी भरतात काय? शेजारचं भांडं तरी रिकामं परत देतात काय? देवीला रिकामं दाखवलं तर वरीसभर रिकामंच देईल ती."

यावर वाद घालता येतो, पण आईशी नाही. मी मॅगझिन भरून बसवलं. आई म्हणाली, "आता भरला ना पुरता?" दुसऱ्या कुणी नुसतं हो म्हटलं असतं. मी विचार केला की गोळी मॅगझिनमध्ये आहे, नळीत नाही, म्हणजे पुरतं भरलं असं म्हणणं खोटं ठरेल. मी स्लाइड ओढली. एक गोळी आत गेली. "आता पुरतं भरलं," मी म्हणालो. आईनं हळद-कुंकू लावलं, तेलाचं बोट फिरवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मेजरांनी हे पाहिलं असतं तर काय केलं असतं याचा मी विचार करत नाही.

संध्याकाळी आमची मुलगी आली. तिला नारपोलीत दिली आहे, सासरचे लूमवाले आहेत, कापडाचे माग चालवतात, माणसं चांगली. रिक्षानं अर्ध्या तासाचं अंतर. तिला तिसरा महिना सरला होता आणि ती ते सांगायला आली होती. बायको आणि ती स्वयंपाकघरात होत्या. मी आनंदानं भारावून बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि हातांना काहीतरी हवं म्हणून पिस्तूल पुसायला घेतलं. हळद तेलात कालवून चिखल झाला होता. मी मॅगझिन काढलं. स्लाइड ओढणार तोच आई म्हणाली, "कुंकू सांडू नको. उद्यापतूर राहू दे." मी म्हटलं बरं. मॅगझिन काढलं आहे, म्हणजे रिकामंच. कुंकू न सांडता मागची बाजू पुसताना बोट चापावर गेलं.

बंद घरातला तो आवाज कसा असतो ते मी सांगू शकणार नाही. नंतर काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून तांदळाची पत्र्याची कोठी दिसत होती. तिला माझ्या बाजूनं एक भोक पडलं होतं आणि त्यातून तांदळाची बारीक धार जमिनीवर पडत होती. कोठीपासून हातभर अंतरावर मुलगी उभी होती. तिच्या हातात चहाचा कप होता आणि तो तिनं सांडला नव्हता. ती त्या धारेकडे बघत होती.

बायकोनं भोकावर बोट ठेवलं. मग साबणाची वडी मोडून त्यात कोंबली. शेजाऱ्यांना फटाका वाटला. मुलीनं कप ओट्यावर ठेवला, पर्स घेतली, आणि दारात चपला घालताना म्हणाली, "पप्पा, ते या घरात आहे तोवर मी बाळंतपणाला येणार नाही."

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. यात आमच्याकडे कुणी काही ठरवत नाही, ते तसं असतं. न येणाऱ्या मुलीच्या बापाला लोक काय विचारतील ते मला माहीत होतं. तिला काय वाटत असेल तेही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पिस्तूल परत करायला, विकायला, मुंबईच्या बंदुकीच्या दुकानात ठेवायला मला कुणीही अडवलेलं नव्हतं.

मी ते केलं नाही. नाक्यावर कुणी विचारलं असतं, "पिस्तूल कुठं गेलं?", आणि मला खोटं बोलता येत नाही. मुलीच्या धाकानं काढलं, असं सांगावं लागलं असतं. मग मला एक युक्ती सुचली. निवडणुका जवळ आल्या होत्या. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून नोटिसा येतात, परवाना असलेली शस्त्रं जमा करा म्हणून. ज्याला नोटीस येते तो आमच्याकडे कपाळाला आठ्या घालून सगळ्यांना सांगत फिरतो, "काय त्रास आहे बघा." मलाही नोटीस येईल, मी आठ्या घालीन, पिस्तूल सन्मानानं घराबाहेर जाईल, पोरगी घरी येईल. शर्टाची इज्जतही राहील.

आचारसंहिता लागली. सोबत्याला नोटीस आली. त्याच्या मेव्हण्याला आली. वरच्या आळीतल्या, गेली कित्येक वर्षं अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्यालाही आली, त्याची बंदूक होती. मला आली नाही. मी पोस्टमनची वाट बघायचो. शेवटी सोबत्याला विचारलं. तो म्हणाला, "अरं, ते बघतात कोन धोकादायक हाय. सगल्यांना न्हाय पाठवत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केल्यासारखा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको."

मी मनाला लावून घेतलं. इकडे मुलीचा पाचवा महिना गेला, सहावा गेला. बायको तिच्याकडे जाऊन यायची आणि माझ्याशी भाजीपुरतं बोलायची. एकदा ताट वाढताना म्हणाली, "अहो, नोटीस आली का?" मी म्हटलं, नाही. "मग तिला काय कळवू? पोलिसांना तुमची भीती वाटायला लागली की ये म्हणून?"

सातव्या महिन्यात ओटीभरण ठरलं, तिच्या सासरीच, ती येत नव्हती म्हणून. घरचे तांदूळ न्यायचे होते. दिघाशी गावच्या माझ्या मेव्हण्याकडचे नवे तांदूळ आले होते, ते भरायला आईनं कोठी तळापर्यंत रिकामी केली, आणि तळाचे जुने, चांगले मुरलेले तांदूळ ओटीसाठी सुपात घेऊन निवडायला बसली. मी शेजारी पेपर वाचत होतो. सुपाचा आवाज थांबला.

"खडा हाय वाटतं," आई म्हणाली. तिला आता नीट दिसत नाही. तिनं तो बोटांनी चाचपला, मग तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. शिशाचा, एका बाजूनं चेपलेला, वर तांदळाचं पीठ चिकटलेला तुकडा.

"तुजी हाय," आई म्हणाली. "मी पोरीच्या ओटीत घालनार व्हती."

एवढंच बोलून ती पुन्हा निवडायला लागली. रिकामं पुजायचं नाही असं तीच म्हणाली होती, पण तो विषय तिनं काढला नाही आणि मलाही काढता येईना. स्लाइड तिनं ओढली नव्हती. चार महिने पोरीला ताटकळत तिनं ठेवलं नव्हतं.

मी पेपरची घडी घातली, कव्हरासकट पिस्तूल, गोळ्या, परवाना, सगळं पिशवीत घातलं आणि पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावर एक तरुण अधिकारी होते. त्यांनी कागद चाळले. "काका, तुमचं नाव यात नाही. तुम्हाला जमा करायची गरज नाही."

"मला करायचं आहे."

"अहो, तुमच्यासारख्या माणसाचं घेऊन आम्ही ठेवायचं कुठं? कपाट भरलंय."

"मी धोकादायक आहे," मी म्हणालो.

मागे बसलेल्या हवालदारांना हसू आलं. मग मी सगळं सांगितलं. दसरा, हळद, आई, कोठी, आणि खिशातून काढून तो तुकडाही टेबलावर ठेवला. हसणं थांबलं. अधिकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

"काका, नुसतं जमा करून गेला असतात. हे कशाला सांगितलंत? आता मला लिहावं लागणार."

"लिहा," मी म्हणालो. "खरंच आहे ते."

त्यांनी लिहिलं. पिस्तूल ठेवून घेतलं. काही आठवड्यांनी मला नोटीस आली, आयुष्यातली पहिली. परवाना निलंबित, खुलासा करा. मी खुलाशात तेच पुन्हा लिहिलं आणि परवाना रद्द झाला. ही बातमी नाक्यावर मी सांगितलीच नाही, ती आपोआप पोचली. सोबती उठून उभा राहिला आणि मला बसायला जागा दिली. "रद्द केला म्हंजे काय तरी केलंस तू," हळू आवाजात म्हणाला. "काय केलंस?" मी खरं सांगितलं की तांदळाच्या कोठीला गोळी घातली. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याचा विश्वास बसला नाही. अजूनही हळदीच्या मांडवात काही लोक मला आधी वाट देतात. मी पँट वर ओढायचं बंद केलं आहे.

ओटीभरणाला मी गेलो होतो. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांचं काम नसतं, मी बाहेर लूमच्या खडखडाटात उभा होतो. मुलगी ओटी सांभाळत बाहेर आली तेव्हा मी सांगितलं की दिलं ठाण्यात.

"आणि कव्हर?"

"कव्हरपण."

"गोळ्या?"

"सगळ्या. ती एकपण."

पुढच्या आठवड्यात ती दोन बॅगा घेऊन आली. घरात शिरल्या शिरल्या कपाटाचा वरचा, पिस्तुलाचा खण उघडून बघितला, आत हात घालून चाचपला, मागच्या कोपऱ्यापर्यंत. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मेजरांची आठवण झाली. डोळ्यांनी बघायचं, मग हातानं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग ती स्वयंपाकघरात गेली, कोठीपाशी, आणि साबणाच्या जागी बायकोनं नंतर भोकात भरलेल्या लांबीवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "चहा मिळेल का?"

नातू आमच्या घरी झाला.

या दसऱ्याला ती बाळाला घेऊन आली होती. आईनं पाट मांडला. विळा, कोयता, फावडं, किल्ल्या. मधली जागा रिकामी होती आणि आईला ती बघवेना. "तुजं काय ठेवू?" तिनं विचारलं. "रोज चालवतोस असं काय हाय तुजं?"

रोज चालवतो असं माझ्याकडे खरंच एकच आहे. जेवणाआधी शर्ट वर करायचा, पोटावर टेकवायचं आणि दाबायचं. नेम चुकत नाही, डोळे मिटले तरी. फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन आणून मी पाटावर ठेवलं. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन हसत सुटली.

आईनं हळद-कुंकवाचं बोट पुढे केलं आणि थांबवलं.

"भरलेला हाय ना?"

मी पेन उचललं, उजेडात धरून किती उरलंय ते बघितलं. मग टोपण काढून सुई नाही ना तेही बघितलं. मुलगी बघत होती म्हणून पुन्हा एकदा बघितलं.

"अर्धं आहे," मी म्हणालो.

"चालंल," आई म्हणाली.